दारातला हात: चोवीस फुटी होडीवर प्लॉटर कुठे लावला, त्याचा हिशेब

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. टिलरने (सुकाणूच्या दांड्याने) चालणाऱ्या लहान शिडाच्या होडीत चार्टप्लॉटर (समुद्री नकाशावर होडीची जागा दाखवणारा स्क्रीन) लावायची जागा एकच: केबिनच्या दारात, फिरत्या आर्मवर. हे पहिल्याच हंगामात कुणी सांगितलं असतं तर होडीला चार भोकं कमी पडली असती, आणि माझ्या खिशाला एक.

होडी म्हणजे जे-२४. लांबी ७.३२ मीटर, पाण्याखाली साधारण चार फूट, फायबरची, वयाने माझ्या थोरल्या मुलीपेक्षा मोठी. मी आणि माझा एक शाळूसोबती, दोघांनी भागीत घेतलेली. ऑक्टोबर ते मे गेटवेसमोर मूरिंगवर (पाण्यातच बांधून) असते, पावसाळ्यात किनाऱ्यावर ताडपत्रीखाली. मूळची ही शर्यतीची होडी. म्हणजे चाक नाही, आणि मोठे यॉटवाले ज्यावर प्लॉटर दिमाखात बसवतात तो चाकापुढचा खांबही नाही. कॉकपिटमध्ये (मागच्या उघड्या बैठकीत) आडवा ट्रॅव्हलर (मोठ्या शिडाची दोरी सरकवायचा पट्टा), त्याच्या मागे टिलर धरून मी, पुढे केबिनचं रुंद दार, दाराच्या दोन्ही अंगांना बल्कहेड (केबिनची भिंत) आणि दोन्हींत एकेक होकायंत्र. आता या घरात नवा पाहुणा बसवायचा कुठे?

त्याआधी नेहमीचा प्रश्न. गेटवे ते मांडवा जायला प्लॉटर हवाच कशाला? सात-आठ सागरी मैल, समोर किनारा दिसतोय. खरं आहे, जाताना नकोच. हंगामात दुपारचा वारा वायव्येकडून येतो, मांडव्याला जाताना तो पाठीशी असतो. परतताना तोच नाकावर. मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी वर चढत राहायचं, आणि मध्ये न्हावा शेवाला जाणाऱ्या कंटेनर जहाजांची वाट कापायची. अंधार पडला की खरी पंचाईत. बंदरातल्या बोयांचे (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे) लाल-हिरवे दिवे मुंबईच्या उजेडात विरघळून जातात. कुलाब्याच्या इमारतींसमोर लुकलुकणारा तो हिरवा ठिपका बोया आहे की मेडिकलचं दुकान, हे मला वीस वर्षांनंतरही चटकन सांगता येत नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, प्रवाह दोन-तीन नॉटचा (ताशी सागरी मैलांचा). होडी पाण्यातून पाच नॉटने कापत जातेय असं वाटतं आणि जमिनीच्या हिशेबाने तिची निम्मी चाल उरलेली असते, तीही तिरपी. हे सगळं एका नजरेत सांगतो तो प्लॉटर. 'एका नजरेत' हे शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण त्यांच्यावरूनच आहे.

पहिली जागा आम्ही निवडली नाही, बसवणाऱ्याने निवडली. नाव घेत नाही. माणूस गोड बोलतो आणि हातात ड्रिल आलं की ऐकणं बंद करतो. डाव्या बल्कहेडवर, होकायंत्राच्या शेजारी, त्याने चार स्क्रूंवर ब्रॅकेट ठोकलं आणि आमचा सात इंची प्लॉटर त्यावर चढवला. देखणा दिसला. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, मावशीने विचारलं, होडीत टीव्ही कशाला.

पहिल्याच रविवारी परतीच्या वाटेवर दोष कळला. वारा डावीकडून असला की वजन डावीकडे हवं, म्हणून भागीदार डाव्या बाकावर बसतो. मीही त्याच बाजूला, त्याच्या मागे. त्याची पाठ भरगच्च आहे. प्लॉटर ग्रहणात गेला तो होडी वळवेपर्यंत सुटला नाही. वळल्यावर आम्ही दोघं उजवीकडे वर, प्लॉटर डावीकडे खाली, जिथे दोऱ्या, पाय आणि आत आलेलं पाणी असतं. स्क्रीन दिसत होता, पण इतका तिरपा की त्यावरचा आकडा तीन की आठ यावर आमची पैज लागली. म्हणजे निम्म्या वाटेत दिसत नाही आणि उरलेल्या निम्म्यात वाचता येत नाही.

दुसरा दोष होकायंत्राचा. प्लॉटर लागल्यापासून डावं आणि उजवं होकायंत्र एकमेकांशी बोलेनासं झालं, सात-आठ अंशांचा फरक. होकायंत्रापासून किती अंतर ठेवायचं हे प्रत्येक प्लॉटरच्या माहितीपुस्तकात छापलेलं असतं. आमच्या बसवणाऱ्याने ते पुस्तक उघडलं नव्हतं, आणि आम्ही तरी कुठे उघडलं होतं. याची परीक्षा घरच्या घरी होते. होडी क्रेडलवर असताना, म्हणजे तिचं तोंड हलणार नाही याची खात्री असताना, चालू केलेला प्लॉटर हातात धरून ठरवलेल्या जागी न्या आणि काटा बघा. विजेच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून न्या, म्हणजे दोघींची चुंबकीय खोड बरीचशी आपसातच मिटते.

तिसरा दोष कळायला पावसाळा उजाडावा लागला. जे-२४च्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांत बाल्सा लाकूड असतं. हलकं, ताकदीचं, पण पाणी लागलं की कुजणारं. आमच्या बल्कहेडमध्येही तेच निघालं. भोकं नुसती पाडून स्क्रू पिळले होते, कडांना काही लावलं नव्हतं. जूनमध्ये स्क्रू काढले तर मागून चहाच्या गाळासारखं काळं पाणी आलं. नाण्याने टकटक केली तर चांगल्या जागी टणक आवाज, भोकांभोवती नुसती धप्प. दोन महिने कोरून, वाळवून, इपॉक्सी भरून ते निस्तरलं. डेकला भोक पाडायचंच असेल तर आधी हवं त्यापेक्षा मोठं पाडा, आतलं लाकूड थोडं कोरा, घट्ट इपॉक्सी भरा, ती वाळली की मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा. मग बोल्ट लाकडाला शिवतच नाही. एक रविवार जास्त जातो, एवढंच.

दुसऱ्या हंगामात भोक पाडायचं नाही असा पणच केला. मागच्या कठड्याच्या पाइपला क्लॅम्प लावला, त्यावर रॅम कंपनीचा दीड इंची रबरी गोळा आणि छोटा आर्म. या गोळ्याच्या मांडणीबद्दल माझी काही तक्रार नाही. हवी तिकडे मान वळते, घट्ट केली की हलत नाही, घरी जाताना प्लॉटर काढून पंच्यात गुंडाळून पिशवीत टाकता येतो. तक्रार जागेची आहे. टिलर धरून पुढे बघणाऱ्या माणसाच्या पाठीमागे कोपराशी यंत्र. जहाज पुढे, प्लॉटर मागे, मधे माझी मान.

आणि एक गंमत, जी कुठल्याही माहितीपुस्तकात सापडणार नाही. माझं वय सत्तावन्न. हातभर अंतरावरचं वाचायला मला चष्मा लागतो, लांबचं लख्ख दिसतं. म्हणजे प्लॉटर जितका जवळ तितका तो मला कमी दिसणार. दर वेळी खिशातून चष्मा काढा, त्यावरचं खारं पाणी पुसा, बघा, परत ठेवा. मध्येच गॉगल. माझा गॉगल पोलराइज्ड आहे, आणि कठड्यावर प्लॉटर ज्या तिरक्या कोनात बसत होता त्या कोनात त्यातून स्क्रीन काळाठिक्कर दिसायचा. पन्नाशीपुढच्यांनी नवा प्लॉटर घेताना दुकानात आपला गॉगल लावून, मान तिरपी करून तो बघावा. दुकानदार हसेल, हसू दे.

या जागेवरून झालेला खरा प्रसंग मांडव्याच्या अलीकडचा. आमच्याबरोबर त्या दिवशी होडीची देखभाल बघणारा नाखवा होता. मी मागे वळून, चष्मा लावून, खोली किती ते वाचत होतो. त्याने काही न बोलता टिलरला हात घातला आणि होडी वळवली. बाजूने जाळ्याचे तरंगते कॅन सरकत गेले, पांढरे, अगदी हातभर अंतरावर. कुठल्याही नकाशावर ते नसतात, आज इथे तर उद्या तिथे. तो एवढंच म्हणाला, "डोले पान्याव ठेवा, शेठ." पुढचा तासभर मी प्लॉटरकडे बघितलं नाही, रागाने म्हणा की लाजेने.

नकाशा हाताशी असून आदळणारे आपण एकटेच नाही, हा एक आधार. २०१४ च्या व्होल्व्हो ओशन रेसमध्ये व्हेस्टास विंड नावाची ६५ फुटी होडी मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराहोसच्या प्रवाळी खडकांवर भर वेगात चढली. नकाशात ते खडक होते, पण पुरेसा झूम करून कुणी पाहिलं नव्हतं. नऊच्या नऊ जण वाचले. आमच्याकडे उलटं होतं: झूम भरपूर, समोर बघणारा कुणी नाही.

त्या पावसाळ्यात मी आयुष्यातलं सगळ्यात उपयोगी सागरी उपकरण बनवलं. सात इंची प्लॉटरच्या मापाचा पुठ्ठ्याचा डबा, पुढच्या बाजूला खऱ्या स्क्रीनचा छापील फोटो, आत वजनासाठी पाऊण किलो तूरडाळ, वरून चिकटपट्टी. ऑक्टोबरचे चार रविवार तो डबा होडीभर फिरवला. केबिनच्या छपरावर चिकटवला: शिडाची दोरी त्याला पहिल्या वळणालाच घेऊन गेली. ट्रॅव्हलरच्या पट्ट्यावर: तिथे मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) नांदते, दुसरं कुणी नांदूच शकत नाही. केबिनच्या आत, छताला: रात्री छान, दिवसा आत गुहेसारखा अंधार असल्याने बाहेरून नुसती काच चमकते. शेवटी दारात, एका काठीच्या टोकाला बांधला. डावीकडे बसलो, दिसला. उजवीकडे बसलो, दिसला. भागीदार कुठेही बसला तरी दिसला, कारण दारात कुणी पाठ करून बसत नाही. माझ्यापासून अंतर दोन मीटरला थोडं कमी, म्हणजे चष्म्याशिवाय. आणि तो पुढेच असल्याने नजर वर उचलली की थेट समुद्र.

आर्म आधी ऑनलाइन मागवला. परदेशी बनावटीचा, ९,४०० रुपये, दिसायला फार सुबक. दीड महिना टिकला. एका फेरीबोटीच्या लाटांनी होडी तीन-चारदा आडवी हेलकावली तशी त्याची गाठ सैल झाली आणि प्लॉटर दारासारखा धाडकन आपटला. काच वाचली, कोपऱ्याला खोक पडली. विक्रेत्याने पैसे परत केले, त्यामुळे नाव घेऊन वाजवत बसत नाही. धडा असा की नुसत्या आवळलेल्या गाठीवर विसंबू नये, आर्म ठरलेल्या जागी पिनने अडकला पाहिजे.

मग गेलो रे रोडला, दारुखान्यात. जुनी जहाजं जिथे तोडतात त्या भागात वेल्डिंगची दुकानं आहेत, त्यांतल्या एकाला कागदावर चित्र काढून दिलं. पंचवीस मिलिमीटरचा पाइप, ३८ सेंटिमीटर लांब, बिजागरीत नायलॉनचा बुश, आणि स्प्रिंगची पिन जी तीन जागी खटकन बसते: आत, अर्ध्यावर, पूर्ण बाहेर. टोकाला पट्टी, तिच्यावर दुसऱ्या हंगामातला रॅमचाच गोळा. पिन आणि बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून. मजुरीसकट ४,२०० रुपये.

स्टीलच्या बाबतीत सावध. मी ३१६ जातीचं स्टेनलेस मागितलं होतं, कारण खाऱ्या हवेत ३०४ वर महिन्याभरात तांबूस डाग धरतात. कारागिराने लोहचुंबक लावून दाखवलं, "बघा साहेब, चिकटत नाही, अस्सल माल." पण चुंबक ३०४ लाही चिकटत नाही! दोघांतला फरक मॉलिब्डेनमचा, तो चुंबकाला कळत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग बघायचं एक रसायन मिळतं. आम्ही टाकला, पाइप खरा निघाला, बिजागरीची पट्टी ३०४ ची. त्याने खळखळ न करता बदलून दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

पहिल्या खेपेला माप माझं चुकलं. आर्म आत वळवला की दाराच्या फळ्या बसेनात, वीस मिलिमीटर आड येत होता. दुसरी फेरी, पाइप कापून परत वेल्डिंग. दुसऱ्या खेपेला कोपरे धारदार राहिले होते आणि जिबची (पुढच्या शिडाची) दोरी एकदा त्यात अडकलीच. तिसरी फेरी, कोपरे घासून गोल. गोळा आवळायची चावीही मी आता खालच्या बाजूला ठेवतो. वर असली की मेनशीटचं शेपूट तिच्यावर हमखास गुंडाळतं, तेही नेमकं होडी वळवताना.

हा आता तिसरा हंगाम चालू आहे. काय बरं, काय वाईट?

परतीच्या नागमोडी वाटेवर दोन्ही बाजूंना प्लॉटर दिसतो, यासाठीच सगळं केलं होतं. स्क्रीनवर मी नकाशा अर्धाच ठेवलाय, उरलेल्या भागात खोली, जमिनीच्या हिशेबाने वेग आणि दिशा, तीनच आकडे, मोठ्यात मोठे. सरकत्या छपराच्या आडोशामुळे शिंतोडे कमी येतात, आणि हे फक्त काचेसाठी नव्हे. टच स्क्रीनवर पाणी उडालं की तो भूत लागल्यासारखा आपोआप नकाशे बदलू लागतो. त्यामुळे बटणं किंवा नॉब असलेलाच प्लॉटर घ्या आणि समुद्रात टच बंद ठेवा. रात्री उजेड अगदी कमी केला तरी डोळ्यांवर येतो, तेव्हा मी आर्म अर्ध्यावर आणून स्क्रीन थोडा वळवतो, लागला की खेचतो. फेब्रुवारीत खांदेरीला गेलो तेव्हा याचा फार उपयोग झाला. १८६७ सालचं तिथलं दीपगृह लांबून दिसतं, पण उंदेरी आणि थळच्या बाजूची खडपं दिसत नाहीत. १६७९ मध्ये याच पाण्यात महाराजांच्या माणसांनी छोट्या होड्यांतून रात्री रसद पोचवली आणि इंग्रजांची मोठी जहाजं हात चोळत राहिली. उथळ कुठे, खोल कुठे, हे त्यांना पाठ होतं. आमचा नाखवा अजूनही किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून तेच करतो. मी प्लॉटरवर बोट ठेवायच्या आत तो "आता भायेर" म्हणतो, आणि दर वेळी बरोबर असतो.

वाईट बाजू. प्लॉटर माझ्या हाताच्या पलीकडे आहे. झूम करायला दाराजवळच्या माणसाला सांगावं लागतं आणि तो भागीदार असतो. एकदा त्याने आम्हाला बटणं दाबत दाबत मस्कतला नेऊन ठेवलं. तेव्हापासून मार्ग निघायच्या आधीच आखतो. केबिनमधून वर येणाऱ्याच्या कपाळाची आणि आर्मची गाठ पडते. माझ्या बायकोला दोन टेंगळं आली, त्यानंतर टोकाला टेनिसचा चेंडू चिरून बसवलाय. शर्यत असेल, स्पिनेकर (फुग्यासारखं मोठं शीड) दारातून वर न्यायचं असेल, तर आर्म सरळ उतरवून ठेवावा, मधे ठेवलात तर शीड फाटणार. आणि होकायंत्र: आर्म बाहेर असताना प्लॉटर दोघांपासून पुरेसा लांब राहतो, आत वळवला की उजवं चार अंशांनी बिघडतं. म्हणून तेव्हा डावंच वाचायचं, तशी पट्टी चिकटवून ठेवलीय.

विजेचं थोडक्यात. आमचा प्लॉटर बारा व्होल्टवर सुमारे एक अँपिअर खातो, दिवसभराच्या फेरीला साध्या बॅटरीला ते जड नाही. लोहार चाळीतून आणलेली साधी तांब्याची तार एका हंगामात आतून काळी पडली. कथिलाचा मुलामा दिलेली मागा, मिळते. फ्यूज बॅटरीजवळ. बिजागरीपाशी तारेला सैल वेटोळं ठेवा, ताणलेली तार तिथेच तुटते. आमची एकदा तुटली, अर्थातच अंधारात. केबिनमधला कागदी नकाशा, डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचा, त्या रात्री टॉर्च धरून उघडला. प्लॉटरमधला नकाशा जुना आहे का ते बघायची माझी सोपी युक्ती: घारापुरीच्या उत्तरेला सरकून अटल सेतू शोधा. जानेवारी २०२४ पासून रहदारी चालू असलेला २१.८ किलोमीटरचा पूल ज्याला दिसत नाही, त्याला आणखी काय काय दिसत नसेल.

पाचांपैकी गुण: बल्कहेडला एक, मागच्या कठड्याला दोन, दारातल्या आर्मला साडेचार. अर्धा बायकोच्या टेंगळांचा कापला.

पुठ्ठ्याचा डबा अजून केबिनमध्ये आहे. गेटवेसमोर कुणाची लहान होडी असेल आणि ड्रिल हातात घ्यायच्या आधी जागा ठरवायची असेल, तर उसना मिळेल. डाळ मात्र बदलून घ्या, तिच्यात पोरकिडे झालेत.